अकराशे तीनमध्ये कोणी राहत नाही

माझा मुलगा लोकांना सांगतो की आईला हीटिंगचं बटण कळत नाही. खोटं आहे. ते बटण मला त्याच्यापेक्षा चांगलं कळतं. भिंतीवर पांढरी डबी आहे आणि तिच्यावर तीन खुणा आहेत, चालू, बंद आणि ‘बाहेर’. घरात माणूस नसताना जमिनीखालच्या नळ्या गोठून फुटू नयेत म्हणून नावापुरतं कोमट पाणी फिरत ठेवायचं, ते ‘बाहेर’. लोक सणाला गावी जाताना ते दाबतात. मी थंडी सुरू झाली की दाबते आणि सणाला पोरं येतात तेवढा दिवस सोडला तर चेरी फुलेपर्यंत डबीला हात लावत नाही. आमच्या इंचन शहरातल्या माझ्या वयाच्या कुठल्याही बाईच्या घरी जाऊन बघा, डबीवर तोच दिवा लागलेला दिसेल. झोपायला विजेची चटई आहे, अंगात जाड जाकीट आहे. ज्या खोलीत मी नाही तिथली हवा तापवून कुणाचं भलं होणार?

शिवाय जमीन अगदीच गार पडते असंही नाही. माझ्या खाली, दहाव्या मजल्यावर, क्वाक मास्तर राहतो. तो घर भट्टीसारखं तापवतो आणि भर थंडीत बनियनवर बसतो. त्याची ऊब त्याच्या छतातून माझ्या तळपायांपर्यंत येते. मी मागितली नव्हती. आलीच आहे तर पाय वर उचलून धरायचे का?

हा मास्तर म्हणजे शाळेत गाणं शिकवणारा माणूस. निवृत्त झाला, बायको वारली, पोरांचा कोरस ऐकायला उरला नाही, तेव्हा मला ऐकायला लागला. मी पहाटे लसूण कुटते. दगडी खलबत्ता आहे आणि तो जमिनीवर ठेवूनच कुटावा लागतो, ओट्यावर कुटलं की मनगट धरतं. मी चार घाव घातले की खालून पहारेकऱ्याला फोन जायचा, पहारेकरी मला फोन करायचा, मी ‘हो हो’ म्हणायची आणि उरलेला लसूण जरा जोरात कुटायची. दोन वर्षं हे चाललं. लिफ्टमध्ये समोरासमोर आलो की आमची ठरलेली जुंपायची.

“बाई, वरून आवाज द्यायचा आणि खालून ऊब घ्यायची. सौदा झकास जमवलाय तुम्ही.”

“मग खिडकी उघडा ना, मास्तर. ऊब समुद्राकडे जाईल. माशांची सोय होईल.”

“माझ्या डोक्यावर मिरे वाटताय तुम्ही, मिरे!”

“लसूण हो, लसूण. गाण्याच्या मास्तरांना एवढंही ऐकू येत नाही?”

कानांवरून बोललं की तो मानेपासून वर लाल होत जायचा. म्हणून मी नेमकं कानांवरूनच बोलायची. माझ्या जिभेला हाड नाही असं माझा नवरा म्हणायचा, आणि तो बिचारा त्याच्या हयातीत कधी फारसं चुकीचं बोलला नाही.

थंडीच्या सुरुवातीला एकदा दाराची घंटा वाजली. भिंतीवरच्या छोट्या पडद्यात बघितलं तर गळ्यात ओळखपत्रं घातलेली दोन-तीन माणसं, हातात पेट्या. आमच्या दारावर कोण येतं ते मला ठाऊक आहे. देवाचं पुस्तक घेऊन येणाऱ्या बायका, नाहीतर पाणी शुद्ध करायचं यंत्र गळ्यात मारणारी पोरं. मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि दाराच्या आतल्या बाजूला श्वास रोखून उभी राहिले. बाहेर एक बाई म्हणाली, “इथे कोणी दिसत नाही. डबीचा सिग्नलही ‘बाहेर’च दाखवतोय. लिहून घ्या.” मग ती पावलं शेजारच्या घराकडे गेली. त्या दिवशी मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

ती माणसं कशाला आली होती ते नंतर भोंग्यातून कळलं. आमच्याकडे प्रत्येक घराच्या छतात ऑफिसचा भोंगा आहे, तो बंद करता येत नाही, आणि त्यातून ऑफिसची बाई वाटेल तेव्हा बोलते. शहराने जुन्या इमारतींच्या खिडक्या बदलायची योजना काढली होती. पण सरसकट नाही. विद्यापीठाची मंडळी आधी संगणकात आमच्या इमारतीची हुबेहूब नक्कल बांधणार, भिंती, छतं, खिडक्या सगळं. मग हिवाळाभर खऱ्या घरांत सेन्सर लावून आणि हीटिंगचे मीटर वाचून खरा खर्च मोजणार. संगणकातली इमारत आणि खरी इमारत सारखी वागायला लागली, की मग त्या खोट्या इमारतीला खोट्या नव्या खिडक्या लावून बघणार, आणि जिथे ऊर्जा वाचताना दिसेल तिथेच खऱ्या खिडक्या बसणार. मी ऐकलं आणि भोंग्याकडे बघून तोंड वाकडं केलं. उंटावरून शेळ्या हाकायचं काम, मला काय त्याचं? मला तेव्हा खिडक्यांची पडलेली नव्हती.

पडली ती फेब्रुवारीत, चांद्र नव्या वर्षाच्या सणाला. त्याआधी जानेवारीत मला खोकला झाला होता, तो मी कोणाला सांगितला नव्हता. सणाच्या सकाळी इंग्यू, माझा मुलगा, बायकोपोरांना घेऊन सोलहून आला. मी त्यांच्यासाठी डबी ‘चालू’वर ठेवलेली होती, पण आमची खिडकी म्हणजे जुनी ॲल्युमिनियमची चौकट, समुद्रावरून वारा सुटला की पडदा घरात नाचतो. उत्तरेच्या खोलीत तर काचेला आतून बर्फ धरतं. नमस्काराची वेळ झाली. सुनेने कोट काढलाच नाही. नातू वाकला तेव्हा त्याच्या तोंडातून वाफ निघाली आणि तो म्हणाला, “आजी, बघ, मी ड्रॅगन.”

सगळे हसले. इंग्यू हसला नाही. जेवण झाल्यावर स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात बोलायला लागला, आणि तो हळू बोलायला लागला की मला धडकी भरते.

“आई, हे घर आहे की फ्रीज?”

“मला काही होत नाही.”

“खोकतेस किती ते मी ऐकलं. हे बघ, भांडण नको. खिडक्या बदलायची योजना आहे ना इथे? त्यात तुझ्या खिडक्या बदलल्या तर राहा खुशाल. नाही बदलल्या तर पुढच्या थंडीत पाजूच्या वृद्धाश्रमात. मी तिथे नाव घालून ठेवलंय.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?”

पाजूचं ते ठिकाण मी बघितलेलं आहे. माझी मैत्रीण तिथे आहे. घर स्वच्छ, उबदार, आणि दाराला आकड्यांचं कुलूप. ते आकडे फक्त नोकरांना माहीत. ती मला दारापर्यंत सोडायला आली आणि दार उघडेना तेव्हा माझ्याकडे बघून हसली, जशी काही चूक तिचीच होती. मी बसमध्ये बसून ठरवलं होतं की काय वाटेल ते होवो, या जागी मी येणार नाही. म्हणून इंग्यूला म्हटलं, “बरं. खिडक्या बदलतील.” तेव्हापासून माझा जीव त्या खिडक्यांना टांगलेला होता.

बातमी खाली झिरपायला वेळ लागला नाही. सून लिफ्टमध्ये कोणाशी तरी बोलली असणार.

“ऐकलं, पाजूला चाललात,” क्वाक म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच सुट्टी लागल्यासारखा आनंद बघितला. “तिथे जेवण हातात देतात म्हणे. लसूण कुटायला नको.”

“तुमच्यासारखा श्रोता तिथे मिळणार नाही, मास्तर. एवढंच वाईट वाटतंय.”

“मी दिवस मोजतोय, बाई.”

“मोजा. तुम्हाला आकडे तरी नीट ऐकू येतात का बघू.”

चेरी फुलून गळायला लागल्या तेव्हा लिफ्टमध्ये एक मोठं चित्र लागलं. आमची इमारत समोरून काढलेली, प्रत्येक घराचा एक चौकोन आणि चौकोनाला रंग. लाल म्हणजे भरपूर ऊर्जा वाया जाते, खिडक्या बदलणार. पिवळं म्हणजे जरा कमी वाया जाते, तरी बदलणार. राखाडी म्हणजे रिकामं घर, खिडक्या नाहीत. क्वाकचं घर इंगळासारखं लाल होतं. त्याच्या डोक्यावरचा चौकोन, माझं अकराशे तीन, राखाडी. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. राखाडीच. मी लिफ्टमधून उतरलेच नाही, तशीच खाली ऑफिसात गेले.

ऑफिसात रहिवाशांचा अध्यक्ष योम बसला होता, आणि त्याच्यासमोर लॅपटॉप उघडून ती विद्यापीठाची बाई, डॉक्टर प्योन. तीच, जिचा आवाज मी दाराआडून ऐकला होता. तिशी-पस्तिशीची, डोळ्यांखाली काळं, शेजारी गार झालेली कॉफी.

“माझं घर राखाडी कोणी केलं?” मी विचारलं.

“आजी, बसा आधी,” योम म्हणाला.

“बसत नाही. अकराशे तीन. मी राहते तिथे.”

प्योनने पडद्यावर काहीतरी शोधलं. “एखादा दिवस सोडला तर हिवाळाभर तुमची डबी ‘बाहेर’वर होती, आजी. मीटर जवळजवळ हललाच नाही. आम्ही सेन्सर लावायला आलो तेव्हा कोणी दार उघडलं नाही.”

“मी आत होते.”

“मग उघडलं का नाही?”

“तुम्ही कोण ते मला काय ठाऊक? आणि डबी मी दर वर्षी ‘बाहेर’वरच ठेवते. इथली निम्मी म्हातारी माणसं ठेवतात. हे तुमच्या पुस्तकात लिहिलेलं नाही?”

तिने ओठ आवळले. “आजी, मी तुमच्या विरोधात नाही. पण मॉडेल, म्हणजे संगणकातली इमारत, जुळलंय. तुमचं घर रिकामं धरलं तेव्हाच खालच्या घराचा खर्च बरोबर आला. खालचे सर एवढं तापवतात, तरी त्यांना पुरत नाही, कारण वर थंडगार रिकामं घर आहे. मोजमाप तेच सांगतं.”

“मोजमाप सांगतं मी नाही म्हणून?”

“मोजमाप सांगतं की तिथे कोणी राहत असेल अशी एकही खूण नाही.”

“अगं, मी उभी आहे ना तुझ्यासमोर!”

“उभ्या आहात, आजी,” योम मध्येच म्हणाला, “पण इथे ऑफिसात उभ्या आहात. अकराशे तीनमध्ये नाही.” आणि स्वतःच्या बोलण्यावर खूश होऊन खुर्चीत मागे रेलला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, नोंदणीच्या कार्डावर माझा पत्ता हाच आहे. तो म्हणाला, कार्डावर पत्ता ठेवून मुलांकडे राहणारे पुष्कळ आहेत. मी म्हटलं, पहारेकऱ्याला विचारा. तो म्हणाला, पहारेकरी मार्चमध्ये बदलला, आणि आधीचा त्याच्या गावी गेला. शेजाऱ्यांची साक्ष म्हणे धरत नाहीत, खिडक्यांसाठी सगळेच एकमेकांची देतील. मी म्हटलं, वीज बघा, माझी चटई चालते, भाताचा कुकर चालतो. प्योन म्हणाली, घरागणिक विजेचे आकडे वीज कंपनी देत नाही, ती खाजगी बाब आहे, आम्हाला फक्त इमारतीची बेरीज मिळते. माझ्याबद्दल जे जे खरं होतं ते सगळं खाजगी निघालं.

शेवटी योमने उपकार केल्यासारखं सांगितलं, “शनिवारी रहिवाशांची बैठक आहे. त्यात यादी मंजूर होऊन शहराकडे जाईल. घरातल्या माणसाने सगळ्यांसमोर सांगितलं की आई इथेच राहते, तर बघू. मुलगा आहे ना तुम्हाला?”

“आहे.”

“मग झालं तर. मुलाचा शब्द पुरे.”

इंग्यूला मी फोन करून एवढंच सांगितलं की शनिवारी ऑफिसातून फोन येईल, उचल. बाकी काही सांगितलं नाही. आपण जिवंत आहोत आणि आपल्या घरात राहतो, याचा दाखला मुलाकडे मागायला मला लाज वाटली.

बैठक तळमजल्यावर, म्हाताऱ्यांच्या खोलीत भरली. एरवी तिथे आम्ही पत्ते खेळतो, त्या दिवशी पत्त्यांचा चौरंग भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. भिंतीवर पडदा सोडून प्योनने ते रंगीत चित्र लावलं होतं. क्वाक पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. तो माझ्यासाठी आला नव्हता. विषयांच्या यादीत त्याची स्वतःची तक्रार होती, वरच्या घरातल्या आवाजाची. सहा महिने योम ती पुढे ढकलत होता.

माझं नाव आलं तेव्हा योमने सगळ्यांसमोर इंग्यूला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“नमस्कार, मी रहिवासी समितीचा अध्यक्ष. सगळे बसलेत इथे, आपण ऐकू येताय. एकच विचारायचं होतं. आमच्या नोंदीप्रमाणे अकराशे तीनमध्ये हिवाळाभर हीटिंग जवळजवळ बंद होतं. आपल्या आई, वय एवढं झालेलं, त्या घरात अशा थंडीत एकट्याच राहत होत्या का?”

मला इंग्यूचा श्वास ऐकू आला. माझा मुलगा कंपनीत विभागप्रमुख आहे. सासरच्या माणसांसमोर, साहेबांसमोर, अगदी टॅक्सीवाल्यासमोरसुद्धा तो स्वतःची मान खाली जाऊ देत नाही.

“छे छे,” तो म्हणाला आणि हसला, तेच हसू जे तो परक्यांसाठी ठेवतो. “आम्ही आईला असं कसं सोडू? हिवाळ्यात ती बहुतेक आमच्याकडेच असते. सोलला. नातवंडांचा लळा आहे ना.”

“वा, नशीबवान आहेत आई. धन्यवाद.”

“इंग्यू!” मी ओरडले, पण योमने फोन ठेवला होता. खोलीत बायका एकमेकींकडे बघून माना हलवत होत्या, कौतुकाने. किती चांगला मुलगा. मी उभी होते. पण जे कधी बंद पडत नाही त्या माझ्या तोंडातून एक शब्द निघेना. पोटच्या पोराला खोटं पाडायचं तर काय बोलायचं? की हा मला सोडून जातो? की सणाखेरीज येत नाही? पन्नास माणसांत हे बोलायचं? मी खाली बसले. पाजूचं ते आकड्यांचं कुलूप माझ्या डोळ्यांसमोर आलं.

“चला, हा विषय संपला,” योम म्हणाला. “आणि त्याबरोबर पुढचाही संपला. क्वाक सर, तुमची तक्रार. रिकाम्या घरातून आवाज कसा येणार? राग मानू नका, पण या वयात कानांत आवाज होतात. माझ्या सासऱ्यांनाही होतात. घंटा वाजल्यासारखं वाटतं म्हणतात. एकदा कानाच्या डॉक्टरला दाखवून घ्या.”

लोक हसले. क्वाक उठला. मानेपासून लाल होत होत तो केसांपर्यंत पोहोचला.

“कानांत आवाज?” तो म्हणाला. “माझ्या? चाळीस पोरांच्या कोरसमध्ये कोण बेसूर आहे ते मी पाठ फिरवून उभा राहून सांगायचो. ही बाई घरात नव्हती? ही?” त्याने माझ्याकडे बोट केलं. “ही एक दिवस घरात नसती तर मी देवळात जाऊन शंभर दंडवत घातले असते! रोज पहाटे लसूण. आधी सावकाश, मग वेग वाढवते, आणि शेवटी मुद्दाम दोन जास्तीचे घाव, मला चिडवायला. नंतर ते बुटकं टेबल ओढते. उचलत नाही, ओढते. दुपारी टीव्हीवरची मालिका, आणि त्यातल्या सासूला ही मोठमोठ्याने शिव्या देते. सुनेला नाही, सासूला.”

“सर, बसा—”

“मी बोलतोय! जानेवारीत खोकला. तीन आठवडे. कोरडा होता, मग ओला झाला, छातीत उतरला. रात्र-रात्रभर. मी झोपू शकलो नाही. एकदा मध्येच थांबला तेव्हा मी उठून बसलो. छताकडे बघत बसलो. पुन्हा सुरू झाला तेव्हा आडवा झालो. आणि तुम्ही मला सांगता वर कोणी नव्हतं? मग त्या तीन आठवड्यांत कोण खोकत होतं? माझ्या कानांतली घंटा?”

खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती, आणि मी जाकिटाच्या चेनकडे बघत होते. त्या खोकल्याबद्दल मी जगात कोणाला सांगितलं नव्हतं.

प्योन लॅपटॉपवर वाकली होती. ती आकड्यांच्या रांगा वर-खाली सरकवत होती. मग म्हणाली, “जानेवारीच्या कोणत्या आठवड्यात?”

“दुसऱ्यापासून. अखेरपर्यंत.”

“चला, पुढचा विषय घेऊ,” योम म्हणाला. “मॉडेल जुळलेलं आहे ना? तुम्हीच म्हणालात.”

“जुळलेलं नव्हतं,” प्योन म्हणाली. आता तिची मान लाल झाली होती. “म्हणजे, पूर्ण नव्हतं. वर रिकामं घर असेल तर क्वाक सरांच्या छतातून जेवढी उष्णता वर जायला हवी, तेवढी जात नव्हती. थोडी कमी जात होती. कायम थोडी कमी. मला वाटलं मोजण्यात काही चूक आहे. मी छताच्या जाडीचा आकडा जरासा हलवला, मग जुळलं.”

“म्हणजे काय?” मी विचारलं. एकदाचा आवाज फुटला.

“म्हणजे वरच्या घरात काहीतरी गरम होतं, आजी. चटई, कुकर. माणूस.” तिने नाक ओढलं. “ती तफावत तुम्ही होतात.”

“मी तफावत?”

“हो. आणि मी ती पुसून टाकली. माफ करा.”

मला तिचा इतका राग आला होता की माफी घ्यायला हात पुढे होईना. पण पोरीने सगळ्यांसमोर, योमच्या तोंडावर सांगितलं, हे मी बघितलं. योम म्हणाला की यादी तयार आहे, मुदत जवळ आहे, मुलाचा शब्द नोंदवून झालाय. प्योन म्हणाली, घरात माणूस राहत असेल तर त्याने काटकसर केली म्हणून त्याची गरज शून्य धरता येत नाही, राहण्याजोगी ऊब धरूनच हिशेब करावा लागतो. हा नियम शहराचाच आहे, आणि चुकीच्या मॉडेलवर मी सही करणार नाही. तिने छताचा आकडा जिथल्या तिथे नेला, अकराशे तीनमध्ये एक माणूस घातला आणि यंत्र पुन्हा चालवलं. आम्ही सगळे बसून राहिलो. कोणीतरी बार्लीचा चहा फिरवला. मग पडद्यावर माझा चौकोन राखाडीचा लाल झाला, खालच्या क्वाकच्या चौकोनाइतकाच लाल.

“खिडक्या बसतील,” प्योन म्हणाली. “पण यंदा सेन्सर लावू द्यावा लागेल, आजी.”

“लाव. चहा मिळणार नाही.”

योमने तोंड कडू करून यादीत एक ओळ वाढवली. हात वर झाले, मंजूर झालं. क्वाकची तक्रारही मग खरी धरावी लागली, आणि योमने मला ताकीद दिली की यापुढे खलबत्त्याखाली जाड गादी घालायची. मी ‘हो हो’ म्हटलं.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. तो आकड्यांकडे बघत होता, मीही आकड्यांकडे. मी कोणाचं देणं ठेवत नाही, पण आभार मानायला जीभ वळेना, म्हणून नेहमीच्याच वाटेने गेले.

“मास्तर, गप्प बसला असतात तर पुढच्या थंडीत शांतपणे झोपला असतात.”

“ते मला दुसऱ्या वाक्यालाच कळलं होतं,” तो चिडून म्हणाला.

“मग थांबला का नाहीत?”

दहावा मजला आला, दार उघडलं. तो बाहेर पडला, दोन पावलं गेला आणि वळला. दार मिटायला लागलं होतं.

“तुमच्या मुलाला विचारा,” तो म्हणाला, “आई सोलला असते, तर दोन वर्षं मी भांडतोय कोणाशी?”

दार मिटलं. मी रडले. मोठ्याने, तोंडावर हातही न धरता. एकच मजला होता, आणि वर शेजारीण कचरा घेऊन लिफ्टची वाट बघत उभी असते, म्हणून तेवढ्यातच सगळं आटपावं लागलं.